पन्नास टक्क्यांचा पिक्चर

(युवक अभ्यासवर्गापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं होतं की कवितेवर बोल. कवितेवर बोलणारे आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्यातले काहीजण कवितेवरच जगतात. मी गोदीत जगतो. तेव्हा आज मी एका पिक्चरवर बोलणार आहे. पिक्चर धड ग्रेट नाही, धड भिकारही नाही. मधलाच. नाव 'सुपरफ्लाय'. अमेरिकेत २०१८ च्या जूनमध्ये लागला, थोडे दिवस चालला आणि लोक विसरून गेले. मारामारी, गाड्यांचे पाठलाग, कोकेनचा धंदा, भ्रष्ट पोलीस, सगळा मसाला. तुम्ही म्हणाल, असल्या पिक्चरवर आमची संध्याकाळ का घालवतोस?

कारण हा पिक्चर एका जुन्या पिक्चरचा रीमेक आहे. जुना 'सुपर फ्लाय' १९७२ चा. बहात्तर साल या खोलीत कुणाला समजावून सांगायला लागत नाही. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ज्यांच्याकडून आपल्या आधीच्या पिढीनं नाव घेतलं, त्यांच्या वस्तीत त्या वर्षी कुठला पिक्चर धो धो चालला होता, त्याच्यावरून त्यांच्यात आपापसात काय जुंपली होती, हे आपल्याला ठाऊक असावं. आणि मला पिक्चरपेक्षा जास्त त्या भांडणावर बोलायचंय. जुन्या पिक्चरवर भांडण झालं. नव्याला टक्के पडले. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आधी जुन्याची गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कमधलं हार्लेम. यंगब्लड प्रीस्ट नावाचा काळा माणूस कोकेनचा धंदा करतो. लांब कोट, खांद्यापर्यंत केस, गळ्यात क्रूस, दारात कॅडिलॅक गाडी. धंदा जोरात आहे, पण ह्याला त्यातून बाहेर पडायचंय. एक शेवटचा मोठा सौदा मारायचा आणि सुटायचं. त्याचा जोडीदार एडी त्याला वेड्यात काढतो. म्हणतो, गोऱ्यांनी आपल्याला खेळायला हा एवढाच डाव ठेवलाय, हा सोडून तू जाशील कुठं? आणि सौदा मारता मारता कळतं की वरून माल पुरवणारा दुसरातिसरा कुणी नाही, पोलीस खात्यातलाच एक बडा गोरा साहेब आहे. प्रीस्ट शेवटी नदीकाठी त्या साहेबाला तोंडावर सांगतो की मला हात लावलास तर तुझी आणि तुझ्या घरच्यांची सुपारी देऊन ठेवलीय. गाडीत बसतो, निघून जातो. संपला पिक्चर.

नट रॉन ओ'नील. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स ज्युनियर. याचा बाप गॉर्डन पार्क्स, मोठा फोटोग्राफर, ज्यानं १९७१ मध्ये 'शाफ्ट' काढला होता. खर्च पाच लाख डॉलरच्या आत. स्टुडिओनं पैसे दिले नव्हते, इकडून तिकडून गोळा केलेले, त्यात काळ्या छोट्या धंदेवाल्यांचेही होते. सेट लावायची ऐपत नाही, म्हणून शूटिंग खऱ्या हार्लेमच्या रस्त्यावर. हिरोची ती झगमगीत गाडीसुद्धा तिथल्या एका खऱ्याखुऱ्या दल्ल्याची होती, आणि तो बाबा स्वतः पिक्चरमध्ये दिसतो. पिक्चर तयार झाल्यावर वॉर्नर ब्रदर्सनं तो वितरणाला घेतला आणि ह्या पाच लाखांच्या पिक्चरनं काही काळ 'गॉडफादर'ला पहिल्या नंबरवरून खाली खेचलं.

यातला एक प्रसंग मला सोडत नाही. सुरुवातीलाच दोन गर्दुल्ले प्रीस्टला लुटायला येतात. प्रीस्ट एकाच्या मागं धावतो. गल्ली, बोळ, जिने, आणि शेवटी थेट त्या गर्दुल्ल्याच्या खोलीत. खोलीत त्याची बायको, पोरं. त्यांच्यादेखत प्रीस्ट त्याला तुडवतो. मारामारीचा पिक्चर आहे, मारामारी व्हायचीच, पण त्या एका मिनिटात ती खोली आपल्याला दिसते. भिंती दिसतात. पोरांचे चेहरे दिसतात. जो माल हिरो विकतो तो शेवटी कुठं जाऊन पोचतो, हे हिरोच्याच पायांनी आपल्याला दाखवलंय. आपल्यापैकी ज्यांच्या चाळीच्या जिन्याखाली गर्दुल्ले बसायचे, ज्यांनी आपल्याच ओळखीच्या पोराला चांदीच्या कागदावर ओढताना बघितलंय, त्यांना मी काय जास्त सांगू.

आणि दुसरा प्रसंग. चळवळीतले तीन कार्यकर्ते प्रीस्ट आणि एडीकडं येतात. म्हणतात, या वस्तीतून तुम्ही एवढं कमावता, आमच्या कामाला पैसे द्या. प्रीस्ट त्यांना उडवून लावतो. तुम्ही खरोखर बंदुका घेऊन रस्त्यावर याल तेव्हा मी पहिल्या रांगेत असेन, तोपर्यंत तुमची गाणी दुसरीकडं जाऊन म्हणा, अशा अर्थाचं बोलतो. पब्लिक तिथं टाळ्या वाजवतं. मित्रहो, ही टाळी आपल्यावर पडलेली आहे. ती ऐकायला वाईट वाटते, पण एका धंदेवाईक पिक्चरनं चळवळीला असं समोर उभं करून झोंबणारं काही विचारावं, ही साधी गोष्ट नाही. वर्गणी मागायला दारोदार फिरलेला प्रत्येकजण त्या तिघांच्या जागी उभा राहिलेला आहे.

आता भांडण. भांडण त्याच्याही आधी एक वर्ष सुरू झालं होतं. १९७१ मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्सचा 'स्वीट स्वीटबॅक' आला. ब्लॅक पँथरचा नेता ह्यूई न्यूटन यानं तो क्रांतिकारक पिक्चर म्हणून डोक्यावर घेतला, पक्षाच्या पेपरात त्याच्यावर लांबलचक लेख लिहिला. लगेच 'एबनी' मासिकात लेरोन बेनेट या काळ्या इतिहासकारानं त्याचं वाभाडं काढलं. अंगाच्या भुकेनं कुणाची मुक्ती होत नसते, असा त्याचा रोख. दोघंही काळे. दोघांनाही आपल्या माणसांची पडलेली. आणि दोघं एकमेकांना सोडत नाहीत. मला हे फार आवडतं.

बहात्तरच्या ऑगस्टमध्ये 'सुपर फ्लाय' लागला आणि मग तर आगच लागली. ज्युनियस ग्रिफिन नावाचा माणूस होता. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेत प्रसिद्धीचं काम केलेला, आणि तेव्हा एन.ए.ए.सी.पी.च्या हॉलिवूड शाखेचा प्रमुख. त्यानं या सगळ्या पिक्चरना एक नाव ठेवलं: 'ब्लॅक्सप्लॉयटेशन'. धंद्यात स्वस्तात काढलेल्या सनसनाटी पिक्चरला 'एक्सप्लॉयटेशन' म्हणायचे, त्याला ग्रिफिननं काळेपण जोडलं. दोन्ही अर्थ लागतात. काळ्यांचे असले पिक्चर, आणि काळ्यांचं शोषण. एका माणसानं रागानं जोडलेला शब्द पन्नास वर्षांनी डिक्शनरीत आहे. याला म्हणतात टीका. काळ्यांच्या संघटनांनी मिळून आघाडी केली, निदर्शनं झाली. काळ्यांच्या पिक्चरना आपली स्वतःची वर्गवारी लावायची, उत्तमपासून ते पार आक्षेपार्हपर्यंत, असाही बेत त्यांनी मांडला. उलट बाजूनं, ज्यांना या पिक्चरमध्ये काम मिळालं ते नट, ते तंत्रज्ञ चिडले. म्हणाले, इतकी वर्षं आम्ही पडद्यावर गोऱ्यांची ताटं उचलली, मोलकरणी झालो, तेव्हा तुमची आघाडी कुठं होती?

माझं मत विचाराल तर ग्रिफिन अर्धा बरोबर होता. पैशाच्या बाबतीत तो शंभर टक्के बरोबर. बहुतेक गल्ला गोऱ्यांच्या कंपन्यांत गेला. तीन-चार वर्षं हॉलिवूडनं ते पीक कापलं आणि मग शेत पडीक टाकलं. रॉन ओ'नीलसारखा नाटकात कसलेला नट आयुष्यभर त्या एका कोटात अडकून पडला. पुढच्याच वर्षी त्यानं स्वतः दुसरा भाग दिग्दर्शित केला, पटकथा अ‍ॅलेक्स हॅलीची, 'रूट्स'वाल्या हॅलीची, तरी तो पडला. हे सगळं ग्रिफिनला आधी दिसलं होतं. पण ग्रिफिन चुकला तो प्रेक्षकाच्या बाबतीत. त्याला वाटलं पोरं म्हणजे कोरी पाटी, पडद्यावर जे लिहाल ते उमटणार. हे पांढरपेशांचं जुनं दुखणं आहे. आपल्याकडंही आहे. वस्तीतल्या पोरांनी काय बघावं, काय नाचावं, कुठली गाणी लावावीत, याची काळजी करणारे आपल्यातले पँट-बुशशर्टवाले थोडे आहेत का? १९७५ च्या 'दीवार'मध्ये गोदीतला हमाल स्मगलर होतो. म्हणून काय अख्खी गोदी स्मगलर झाली? गोदीतल्या माणसानं त्यातून काय घेतलं असेल तर एवढंच, की हप्ता मागणाऱ्याला एकदा तरी मारता येतं. ते घेण्यासारखं होतं.

आणि आता मी ज्याच्यासाठी हा सगळा पसारा मांडला त्या माणसाकडं येतो. कर्टिस मेफिल्ड. शिकागोतल्या गरीब वसाहतीत वाढलेला गायक. 'सुपर फ्लाय'ची गाणी त्याची. त्याला पिक्चर पसंत होता, पैसे हवे होते, नाव हवं होतं. पण शूटिंग झालेला पिक्चर बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही तर कोकेनची जाहिरात होऊन बसलीय. त्यानं स्वतः पुढं हे सांगितलेलं आहे. मग त्यानं काय केलं? काम सोडलं नाही, निषेधाचं पत्रक काढलं नाही. त्यानं गाण्यांत पिक्चरशी भांडण काढलं. पडद्यावर कोकेन वजन होतंय, पुड्या बांधल्या जातायत, गोऱ्या-काळ्या, साहेब-मजूर सगळ्यांच्या हातात जातायत, हे फोटोंच्या मालिकेत दाखवलंय, आणि मागं मेफिल्डचा आवाज त्या माल विकणाऱ्याचं सोंग घेऊन असं काही गातो की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

फ्रेडीचंच घ्या. फॅट फ्रेडी म्हणजे प्रीस्टचा एक साधा हस्तक. पोलीस त्याला उचलतात, मारून मारून त्याच्याकडून नावं काढून घेतात, आणि तो पळायला जातो तो गाडीखाली मरतो. पिक्चरला त्याच्यासाठी वेळ नाही. हिरोला पुढं जायचंय. पण मेफिल्डनं त्या पडेल माणसावर अख्खं गाणं केलं, 'फ्रेडीज डेड'. गंमत अशी की पिक्चरमध्ये त्या गाण्याची नुसती चाल वाजते, शब्द नाहीत. शब्द रेकॉर्डवर. आणि रेकॉर्ड बाजारात आली जुलैमध्ये, पिक्चर लागला ऑगस्टमध्ये. म्हणजे पोरं थिएटरात शिरली तेव्हा फ्रेडी मरणार हे त्यांना रेडिओवरून पाठ झालेलं होतं. पडद्यावर नुसती चाल वाजली की थिएटरातल्या डोक्याडोक्यांत शब्द आपोआप लागायचे. पिक्चरचं परीक्षण पिक्चरच्या आधी पोचलं होतं! आणि ते कुठल्या समीक्षकानं लिहिलं नव्हतं, त्याच पिक्चरच्या मजुरीवर असलेल्या माणसानं लिहिलं होतं. शब्द पडद्यावर गायले गेले नाहीत म्हणून ते गाणं ऑस्करच्या नियमात बसलं नाही. नाही बसलं तर नाही बसलं.

आता या २०१८ ला.

दिग्दर्शक कॅनडाचा, डायरेक्टर एक्स या नावानं ओळखला जाणारा, गाण्यांचे व्हिडिओ काढण्यात नावाजलेला. निर्माते 'मॅट्रिक्स'वाला जोएल सिल्व्हर आणि रॅप गायक फ्यूचर. सोनीच्या कोलंबिया कंपनीचा पिक्चर. खर्च सुमारे एक कोटी साठ लाख डॉलर, जगभरचा गल्ला दोन कोटींच्या जरासा वर. हार्लेम जाऊन अटलांटा आलं. प्रीस्टचं काम ट्रेव्हर जॅक्सननं केलंय, शूटिंगच्या वेळी वय एकवीस. चेहऱ्यावर एक रेघ नाही आणि म्हणे धंद्याला कंटाळलो. रॉन ओ'नील चौतिशीचा होता, त्याच्या नुसत्या उभं राहण्यात थकवा होता. विरुद्ध टोळी 'स्नो पट्रोल', त्यांचे कपडे पांढरे, गाड्या पांढऱ्या, बंदुकासुद्धा पांढऱ्या. बंगले, नोटांचा पाऊस, नाचणाऱ्या बाया.

माझ्या पाळीतला एकजण, त्यानं दोन्ही पिक्चर मोबाइलवर बघितले. जेवणाच्या सुट्टीत कॉइलच्या सावलीला बसून मी त्याला विचारलं, कसा वाटला नवा? म्हणाला, "भारी हाय. पन त्यात एक बी मानूस घामानं भिजत नाय."

या एका वाक्यात जे आहे ते मला इंग्रजी परीक्षणांत क्वचित सापडलं. परीक्षणांत काय होतं? चकचकीत आहे, वेग आहे, पाठलाग छान, पण आत पोकळ. व्हिडिओसारखा दिसतो. हिरोच्या मनात काय चाललंय कळत नाही. बायकांना नुसतं शोभेला ठेवलंय. हे खरंच आहे. प्रीस्टला एकाच घरात दोन मैत्रिणी, आणि तिघांचा न्हाणीघरातला एक लांबलचक प्रसंग, ज्यात त्या दोघींना बोलायला काही नाही. जुन्यातही टबमधला प्रसंग होता, त्यावरही तेव्हा आरडाओरडा झाला होता, पण जुन्यातली जॉर्जिया निदान प्रीस्टला विचारते तरी की तू नक्की कशापासून पळतोयस. इथं बसलेल्या पोरींनी दोन्ही बघावेत आणि आम्हा पोरांना जरा सुनवावं. काहींनी लिहिलं की मजा आली, उन्हाळ्यात बघायला ठीक. काहींनी लिहिलं, जुन्याची सर नाही. आणि हे सगळं मिळून 'रॉटन टोमॅटोज'च्या यंत्रात घातल्यावर बाहेर काय आलं? पन्नाशीच्या आसपास.

हे टक्के कसे निघतात ते बघा, कारण आपल्यातले निम्मे लोक तिकीट काढायच्या आधी तेच बघतात. आपल्याला वाटतं पन्नास टक्के म्हणजे शंभरपैकी पन्नास मार्क. तसं नाही. प्रत्येक परीक्षणाला नुसतं होय किंवा नाही करतात. बरा म्हणाला की होय, वाईट म्हणाला की नाही. मग शंभरातले किती होय, ते टक्के. म्हणजे शंभर जण "चालेल" म्हणाले तर शंभर टक्के. आणि पन्नास जणांनी एखादा पिक्चर डोक्यावर घेतला, पन्नास जणांनी पायाखाली तुडवला, तरी पन्नासच. रक्त सांडेपर्यंतचं भांडण आणि सगळ्यांची जांभई, दोन्हीचा आकडा सारखा येऊ शकतो. बहात्तरच्या त्या ग्रिफिनला आणि त्याच्याशी भांडणाऱ्या नटांना या यंत्रात घातलं असतं तर तेही पन्नासच निघाले असते. मी दहावी पास आहे, टक्के सांगत नाही, पण टक्क्यांनी माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे.

आणि होय-नाही म्हणणारे कोण? २०१८ च्या त्याच जून महिन्यात, नवा 'सुपरफ्लाय' लागायच्या दोनच दिवस आधी, कॅलिफोर्नियातल्या यू.एस.सी. विद्यापीठानं एक पाहणी जाहीर केली. २०१७ च्या सगळ्यात जास्त चाललेल्या १०० पिक्चरवरची 'रॉटन टोमॅटोज'वरची परीक्षणं त्यांनी मोजली. ६३.९ टक्के परीक्षणं गोऱ्या पुरुषांची. १८.१ टक्के गोऱ्या बायकांची. गोरे सोडून बाकी सगळ्या वर्णांचे पुरुष मिळून १३.८. आणि त्या वर्णांच्या बायका ४.१. ऑगस्टमध्ये त्या टोमॅटोवाल्यांनी आपले नियम बदलले, नवे समीक्षक घ्यायला सुरुवात केली. पण जूनमध्ये या पिक्चरला जे टक्के पडले ते जुन्या पंक्तीतले. आता मी असं म्हणत नाही की गोऱ्यांनी मुद्दाम पाडला. तसा तो पडण्यासारखाच होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या मार्व्हलच्या 'ब्लॅक पँथर'ला याच लोकांनी नव्वदीच्या वर टक्के दिले होते. (तो पँथर वेगळा. तो राजा आहे, त्याच्या देशात कुणी उपाशी नाही. आपल्या पोरांनी पोस्टर लावताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.) मी म्हणतो ते वेगळं आहे. ज्याला या पिक्चरचं काही देणंघेणं नाही त्याचं "ठीक आहे", आणि ज्याच्या गल्लीतला फ्रेडी खरोखर मेलाय त्याचं "ठीक नाही", हे दोन एका तराजूत टाकून वजन काढता येत नाही.

फ्रेडी नव्यातही मरतो. नव्यात पोलीस गाडी अडवतो आणि त्याला नि त्याच्या मैत्रिणीला गोळ्या घालतो. प्रसंग बघताना अंगावर काटा येतो, कारण असे मृत्यू अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी मोबाइलच्या पडद्यावर बघितलेले आहेत. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलांडो कास्टिलला गाडीतच, शेजारी मैत्रीण बसलेली असताना पोलिसानं मारलं, आणि तिनं ते जगाला दाखवलं. नव्या पिक्चरनं ते उचललं. काही समीक्षकांना ते उपरं, चिकटवलेलं वाटलं. मला विचाराल तर ते उचललं यात काही वाईट नाही. वाईट हे की उचलून ठेवायला जागा नव्हती. प्रसंग झाला की पुन्हा गाडी, पुन्हा नोटा, पुन्हा फ्यूचरचं गाणं, आणि ते गाणं पडद्यावर जे चाललंय त्याचीच री ओढतं. पडदा म्हणतो पैसा, गाणंही म्हणतं पैसा. मेफिल्डसारखं आतून कुणी भांडत नाही. या पिक्चरची खोट माझ्या मते हीच आहे. चकचकीतपणा ही खोट नाही. आम्हाला चकचकीत आवडतं, आमच्या हळदीला या, दाखवतो.

आणि दिलं तिथं देऊ. एका पाठलागात गाडी जाऊन कॉन्फेडरेट पुतळ्यावर आदळते. गुलामगिरी टिकवायला जे लढले त्यांचा पुतळा. तो कोसळतो तेव्हा मी शिटी मारली, शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली. शेवटी त्या खुनी पोलिसाला प्रीस्ट हातानं बडवतो, तेही बघून घेतलं. पन्नास टक्क्यांत हे पण धरलेलं आहे का, ते मला टोमॅटोवाल्यांना विचारायचंय.

हे आपल्यालाही नवीन नाही. त्याच उन्हाळ्यानंतर, २० जुलै २०१८ ला आपल्याकडं 'धडक' लागला. नागराज मंजुळेच्या २०१६ च्या 'सैराट'चा रीमेक. करमाळ्याकडची माती जाऊन उदयपूरचे महाल आले, आणि जात? जात अशी पुसली की डाग शोधायला लागावं. काही गाण्यांच्या चाली त्याच, 'झिंगाट'सुद्धा तेच, फक्त 'सैराट'मध्ये ज्याच्यासाठी शेवटी ती दोघं मारली जातात तेच गायब. तिथंही परीक्षणं मधलीच आली. सुंदर दिसतो, नवी जोडी बरी, मूळची सर नाही. आपल्यातल्या काही पोरापोरींनी तेव्हा जात कुठं गेली म्हणून ठणकावून विचारलं, लिहिलं, त्यांना मी मानतो. पण "मूळची सर नाही" आणि "मुळातली जात काढली" ही दोन वाक्यं एक नाहीत. पहिलं वाक्य कुठल्याही रीमेकला चालतं. दुसरं लिहायला तुमची गल्ली असावी लागते. 'सुपरफ्लाय'चंही तेच. "जुन्याची सर नाही" असं शेकड्यांनी लिहिलं. त्या गर्दुल्ल्याची खोली कुठं गेली, असं कितीजणांनी विचारलं?

आता आपल्याच पंक्तीत वाढतो, रागावू नका. आपल्या अंकात कविता छापून आली की काय होतं? "कडक भावा." "पेटवलंस." नाहीतर काहीच नाही. मागच्या अंकातल्या माझ्या गोदीवरच्या कवितेला सत्तावीस जण कडक म्हणाले. एकानंही विचारलं नाही की अरे, तुझ्या कवितेतला हमाल अजून पाठीवर गोणी वाहतो, तू तर कॉइलला साखळ्या लावतोस, मग ही गोणी कुणाची? हा प्रश्न मला माझ्या मुकादमानं विचारला. मी त्याला उत्तर दिलं, की बापाची. तो म्हणाला, मग तसं लिही ना. आमचं अर्धा तास जमलं-बिनसलं, चहा थंड झाला. आपण आपल्या माणसाच्या लिखाणाला कडक म्हणतो ते प्रेमानं, हे मला कळतं. बाहेरचे दगड मारतायत, आपणही मारायचे का, असं वाटतं. बहात्तरमधल्या त्या नटांनाही तेच वाटलं होतं. पण बेनेटनं न्यूटनला सोडलं नाही, ग्रिफिननं पार्क्सला सोडलं नाही, आणि मेफिल्डनं तर स्वतःच्या मालकाच्या पिक्चरला सोडलं नाही. म्हणून आज आपण त्यांच्याबद्दल बोलतोय. २०१८ च्या पिक्चरला सगळ्यांनी सोडून दिलं. शिव्या नाहीत, निदर्शनं नाहीत, कुणी नवा शब्द जोडला नाही. नुसता आकडा.

तर पुढच्या रविवारी इथंच, संध्याकाळी सात वाजता, जुना 'सुपर फ्लाय' दाखवायचा आहे. इंग्रजी कळलं नाही तर अडू नका, मध्ये मध्ये थांबवून मी सांगेन, आणि माझंही जिथं अडेल तिथं कॉलेजवाल्यांनी सांगायचं. त्याच्या आधी मेफिल्डची ती सगळी गाणी ऐकून यायचं. क्रम तोच ठेवायचा, आधी गाणी, मग पिक्चर. नवा ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं बघावा. बघून झाल्यावर प्रत्येकानं एक पान लिहायचं, मुलींनी दोन लिहिली तरी चालतील. वर टक्के, तारे, अंगठे काही काढायचे नाहीत. ज्याला घाण वाटला त्यानं घाण का ते लिहायचं, ज्याला त्या तीन कार्यकर्त्यांवर हसू आलं त्यानं तेही लिहायचं, नाव घालून. दोन सगळ्यात उलट मतं शेजारी शेजारी अंकात छापू. माझी त्या दिवशी पहिली पाळी आहे, साडेसहाला पोचतो. प्रोजेक्टरची वायर कुणीतरी घरून आणा, इथली जळालेली आहे.